बांगडीवाल्या चाचांची सिस्टीम

इस्लामपुरात बिघडलेला कॉम्प्युटर अशी वस्तूच अस्तित्वात नाही. आहेत ते फक्त आमच्या शेजारच्या चाचांच्या हाती अजून न लागलेले कॉम्प्युटर. हे मत अर्थात चाचांचं. पण इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहून आणि स्वतःचे दोन लॅपटॉप त्यांच्या हवाली करून आता ते माझंही झालं आहे, आणि कुणी त्याविरुद्ध बोललं तर मी पदर खोचून भांडायला उठते. चाचांचा पिढीजात धंदा बांगड्यांचा. बाजाराकडे वळणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. तीन भिंतींवर छतापर्यंत बांगड्यांचे डबे, मध्ये गादी, आणि गादीच्या डाव्या अंगाला, जिथे दुसऱ्या कुणी गल्ला ठेवला असता तिथे, झाकणं उघडून ओळीनं मांडलेले कुणाकुणाचे लॅपटॉप. बाया येतात त्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन. हात चाचांच्या हातात देतात, लॅपटॉप गादीवर ठेवतात, आणि इकडे दोन डझन बांगड्या भरून होईपर्यंत तिकडे नवी सिस्टीम भरून होते. मी शाळेत भूगोल शिकवते, जग बरंच पाहिलं आहे निदान नकाशावर तरी, पण असं दुकान दुसरं मला माहीत नाही. मागच्या वर्षी हे दुकान बंद होतं की काय अशी वेळ आली होती. ते सांगायचंच आहे, पण त्याआधी चाचा कळले पाहिजेत.

हे वेड लागलं त्याला त्यांचा मुलगा कारणीभूत. तो पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर ‘बिलं करायला’ म्हणून बापाला देऊन गेला. तो कॉम्प्युटर सकाळी सुरू केला की दुपारच्या नमाजापर्यंत उघडत असे. चाचांनी मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ पाहिले आणि त्यांना शोध लागला की जगात काही भली माणसं अख्खी सिस्टीम तयार करतात, एका फाइलीत बंद करतात आणि फुकट वाटून टाकतात. त्या फाइलीला म्हणतात आयएसओ. चाचा म्हणतात ‘आयसो’. ती उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची, पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करायचा, की मेलेलं मशीन उठून बसतं. त्यांचंही उठून बसलं. त्या दिवशी चाचा आमच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मला वाटलं सूनबाईंकडून काही गोड बातमी आली. “बाई, फुकट हाय! आन चोरीचं न्हाई!” एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. फुकट मिळालेलं स्वतःजवळ ठेवून घेणं त्यांच्या स्वभावातच नाही. ईदेला शिरखुर्मा जसा ते गल्लीतल्या प्रत्येक घरी पोचवतात, आणि नको म्हटलं तर रागावतात, तशीच ती सिस्टीमही त्यांनी घरोघर पोचवायला घेतली.

त्यातून लोकांनाही हौस आली. तरणी पोरं आपल्या मनानं आयसो उतरवायला लागली, आणि गाणं टाकावं तशी ती फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकून “चाचा, चालू होत नाही” म्हणत दुकानात यायला लागली. सदा हसतमुख असलेला हा माणूस चिडलेला पाहायचा असेल तर त्यांच्यासमोर हे वाक्य बोलावं. “आरं गड्या, बांगड्यांचा डबा बाईच्या मनगटावर ठिवला म्हंजी बांगड्या भरल्या व्हय रं? डबा उघडाय लागतो, हात मऊ कराय लागतो, एकेक चढवाय लागती. पेनड्राइव्हवर आयसो ठिवायची न्हाई, लिवायची!” हे प्रवचन मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आमच्या शाळेत कुणी असा पेनड्राइव्ह आणला तर मीच ते त्यांच्या सुरात देते. पुढे आमच्या शाळेला आयएसओ मानांकन मिळालं, गेटवर भला मोठा फलक लागला. चाचांनी तो वाचला, खूश झाले, आणि मुख्याध्यापकांना रस्त्यात थांबवून विचारलं, “कुठली व्हर्जन बसवली सर?”

पण चाचा सिस्टीम कधीच थेट बसवत नाहीत. पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर दोन वाटा येतात: आधी वापरून पाहा, किंवा बसवून टाका. शंभरातले नव्व्याण्णव लोक पहिल्या वाटेकडे बघतसुद्धा नाहीत. चाचांचा सगळा जीव त्या वाटेवर. “हातात घालून बघा, पटली तर घ्या. न्हाई पटली तर पेनड्राइव्ह काढला की तुमचं मशीन जसंच्या तसं,” असं म्हणून ते गिऱ्हाइकाला अर्धा अर्धा तास त्या नुसत्या पाहण्याच्या सिस्टीममध्ये फिरवून आणतात. मराठी टाइप करून बघा, मुलाचा फोटो उघडून बघा, प्रिंट निघते का बघा. घाई झालेला माणूस त्यांना चालत नाही. कारखान्यातले एक साहेब गाडी चालू ठेवून आले होते. चाचांनी त्यांना आधी गाडी बंद करून यायला लावलं, चहा पाजला, मग लॅपटॉप हातात घेतला.

आणि गिऱ्हाइकाला पटलं, आता बसवायचं असं ठरलं, की जो विधी सुरू होतो तो मात्र जगात फक्त आमच्या गल्लीत होतो. बसवताना जुनं सगळं पुसलं जातं, म्हणून मशीन एकदा विचारतं. चाचा तीनदा विचारतात. त्यांच्या मते एवढ्या मोठ्या गोष्टीला एकदा हो म्हणून भागत नाही. निकाहात तरी भागतं का? लॅपटॉप समोर ठेवायचा, मालकाला सरळ बसवायचं, आणि गंभीर आवाजात, “ह्यातलं समदं पुसलं जाणार. फोटो, कागदं, गाणी. कबूल हाय?” कारखान्याचे साहेब म्हणाले, “हो हो, करा लवकर.” चाचांनी बोट मागे घेतलं. “हो हो न्हाई सायेब. कबूल म्हना.” साहेब इकडेतिकडे बघत म्हणाले, कबूल. चाचांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्या कबूलला साहेबांचा आवाज जरा खाली आला, आणि तिसऱ्या वेळी ते एकदम थांबून म्हणाले, “चाचा, थांबा, ह्यात आईचे फोटो आहेत.” मग ते फोटो आधी बाहेर काढले, आणि मगच चाचांनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून बटण दाबलं. तेव्हापासून त्या पद्धतीला हसायचं मी सोडून दिलं.

उतरवलेली आयसो शाबूत आहे की वाटेत कुठे मोडली, हे तपासायला आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ असते. वेबसाइटवरची ओळ आणि आपल्या फाइलीची ओळ तंतोतंत जुळली पाहिजे. हे काम कॉम्प्युटर एका क्षणात करतो, पण चाचांना ते माणसानं केलेलं लागतं. ते काम चाचींचं. चाची मेथी निवडता निवडता पडद्यावरची ओळ मोठ्यांदा वाचणार, आणि चाचा मोबाइल कानाशी धरून त्यातली बाई तीच ओळ वाचते ती ऐकत “व्हय... व्हय... फुडं” करणार. “सात, एफ, तीन, तीन, बी, शून्य...” सकाळी सकाळी हे सुरू झालं की आमच्याकडे पाहुणे आलेले चमकून विचारतात, शेजारी काय चाललंय. चाचींची शाळा चौथीपर्यंत झालेली. इंग्रजी अक्षरं त्या एफपर्यंतच शिकल्या, कारण त्या ओळीत एफच्या पुढचं अक्षर येतच नाही. “फुडची लागतीलच कशाला?” असं त्यांचं म्हणणं.

पेनड्राइव्ह सगळे सारखेच दिसतात, म्हणून चाचांनी प्रत्येकाला दोरा बांधलेला आहे. लाल दोरा बसवायच्या सिस्टीमचा, पिवळा दुरुस्तीचा, हिरवा म्हणजे रिकामा, त्यावर काहीही लिहावं. आणि निळा म्हणजे लोकांची अमानत. कुणाचा पेनड्राइव्ह दुकानात आला की चाचा आधी त्याला निळा दोरा बांधणार, मगच नमस्कार-चमत्कार. बांगडीवाल्याला दुसरी कुठली खूण सुचणार? ह्या माणसानं उभा जन्म रंगात काढला. लग्नाच्या चुड्यासाठी नमुन्याला शालूचा नुसता एक धागा आणून द्या, ते डब्यांच्या भिंतीकडे न बघता मागे हात घालून नेमका डबा काढत. अबोली आणि फिकट अबोली ह्यांच्यामधला कुठलासा रंग माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी असा काढून दिला होता, की नवऱ्या मुलीपेक्षा लोक बांगड्याच बघत होते.

तर मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण मी एका पेनड्राइव्हवर घेतलं, आणि तो मोठ्या पडद्यावर नीट चालेल असा करून द्या म्हणून चाचांकडे ठेवला. चाचांनी माझ्यादेखत निळा दोरा बांधला. दोन दिवसांनी मी तो घेऊन गेले. शाळेत संस्थेचे विश्वस्त बसलेले, पालक बसलेले, पडदा बांधलेला. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, सुरू केला, आणि मुलींच्या कोळीनृत्याऐवजी पडद्यावर भल्या मोठ्या मराठी अक्षरांत प्रश्न आला: आधी वापरून पाहणार, की बसवणार? मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम फुटला. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “बाई, कशालाही हात लावू नका. माझ्या पेन्शनची कागदं आहेत त्यात.” मी पेनड्राइव्ह उपटून काढला आणि आयत्या वेळी सहावीतल्या मुलींना उभं करून नाच पुन्हा करवून घेतला. चित्रीकरण पुढे पालकांच्या मोबाइलवरून तुकड्या-तुकड्यानं जमलं, तेव्हा नुकसान म्हणाल तर काहीच झालं नाही.

संध्याकाळी मी दुकानात गेले ती चाचांची टोपी उडवायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी सापडलं होतं. “चाचा, माझ्या कोळणी कुठं बुडवल्या?” म्हणून मी पेनड्राइव्ह गादीवर टाकला. चाचांनी उचलला, दोरा बोटानं चाचपला आणि खात्रीनं म्हणाले, “आवं बाई, ह्यो हिरवा हाय. मी हिरव्यावरच लिवलं. तुमचा निळा आत ठिवलाय.” मी हसत होते. आणखी काहीतरी चिडवणारं तोंडात आलं होतं, तेवढ्यात आतल्या दारात आलेल्या चाची दिसल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली.

“चाचा,” मी म्हटलं, “निळा आहे तो.”

चाचांनी दोरा डोळ्यांजवळ नेला, दिव्याखाली धरला, दाराच्या उजेडात धरला. मग पेनड्राइव्ह हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, “असंल.”

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. गेलं वर्षभर चाचा गिऱ्हाइकांना म्हणत होते, “तुमीच काढा ताई डबा, तुमच्या पसंतीचं ते खरं,” आणि आम्ही बाया म्हणत होतो, चाचा काय सुधारलेत! आकड्यांची ओळ चाचींनी वाचायची आणि मोबाइलनं सांगायची, ते कौतुक म्हणून नव्हतं. डब्यांची जागा चाची रोज सकाळी स्वतः लावत होत्या, रंगाच्या क्रमानं, म्हणजे चाचांना बघावं लागू नये. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, निळं आणि हिरवं एक झालं होतं, जांभळं काळ्यात गेलं होतं, आणि हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

“डॉक्टरकडं का गेला नाहीत?” मी विचारलं तेव्हा आवाज माझाच चढला होता.

“कशाला बाई? बांगडीवाल्याला रंग दिसंना म्हणून एकदा गावात झालं, की माझ्याकडं हात कोण देईल? त्यापरीस दुकान बंद करून टाकतो, पोराकडं पुण्याला जातो. तिथं कोण रंग इचारतंय?”

चाची पदरानं गादी पुसत होत्या, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. मला चाचांचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण सांगलीला जायचं, मी आणि चाची बरोबर, आणि ‘बघू’ हा शब्द मला ऐकायचा नाही.

सांगलीच्या त्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि शांत. त्यांनी डोळे तपासले, म्हणाल्या, साधा मोतीबिंदू आहे, जुनं भिंग काढायचं, नवं बसवायचं, वीस मिनिटांचं काम. चाचा खुर्चीत पुढे सरकले. बसवायचं म्हटल्यावर ते त्यांच्या प्रांतात आले होते. “आदी नुसतं लावून बघता येतं का? न बसवता?” बाई म्हणाल्या, नाही. “पटलं न्हाई तर जुनं परत?” नाही, जुनं काढलं की गेलं. “म्हंजी समदं पुसूनच बसवायचं,” चाचा माझ्याकडे वळून खिन्नपणे म्हणाले. मग पुन्हा डॉक्टरांकडे, “मधीच लाइट गेली तर?” बाई म्हणाल्या, इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे. हे त्यांना पटलं. मग त्यांनी शेवटचा डाव टाकला, “दोनी एकदम करणार?” डॉक्टर म्हणाल्या, “छे, आधी एक करतो. तो चांगला झाला की महिन्याभरानं दुसरा.” चाचांचा चेहरा एकदम उजळला. “म्हंजी जुनी सिस्टीम एका बाजूला तशीच ऱ्हाती! अगं ऐकलंस का, डॉक्टर लय हुशार हाय.”

ऑपरेशनच्या दिवशी मात्र ते हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर बसून राहिले, आडवे होईनात. डॉक्टर आल्या, काय झालं म्हणाल्या. शेवटी मीच डॉक्टरांना बाजूला घेऊन आमच्या गल्लीची पद्धत सांगितली. त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्या स्ट्रेचरसमोर उभ्या राहिल्या, आणि “चाचा, उजव्या डोळ्यातलं जुनं भिंग काढणार, परत मिळणार नाही, नवं बसवणार. कबूल?” असं तीनदा विचारलं. तिसरं कबूल म्हणून चाचा आडवे झाले. चाची भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

डोळा छान झाला. पट्टी निघाल्यावरचे पंधरा दिवस गल्लीला नुसता वैताग होता. चाचा काळा चष्मा कपाळावर चढवून दुकानात बसत, एकदा डावा डोळा झाकत, एकदा उजवा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, “तुमची साडी ह्या डोळ्यानं मातीची दिसती आन ह्या डोळ्यानं मोरपिशी!” भिंत पांढरी आहे हे त्यांना नव्यानं कळलं, ती पिवळी आहे असं समजून तिला रंग द्यायचा बेत चालला होता. सगळे डबे खाली काढून त्यांनी पुन्हा लावले. पेनड्राइव्हचे दोरे बदलले. आमच्या मुख्याध्यापकांना बोलावून त्यांचा कॉम्प्युटर स्वच्छ करून दिला, आणि ते तिसरं कबूल म्हणेनात म्हणून न बसवता परत पाठवला. पुण्याला जायचं नाव कुणी काढलं नाही.

अशाच एका रविवारी मी दुकानात बसले होते. चाची चहा घेऊन आल्या आणि कप ठेवायला वाकल्या, तसा चाचांनी सवयीनं त्यांचा हात मनगटाशी धरला. ईदेच्या आदल्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं संपल्यावर शेवटचा हात चाचींचा असतो, आणि त्या हातात चाचा दरवर्षी आसमानी रंगाच्या बांगड्या भरतात, लग्नापासून. त्यांनी डावा डोळा झाकून त्या बांगड्यांकडे पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं. घरात ती दोघं आपल्या दखनीत बोलतात, पण मी समोर असले की मराठीत. “अगं, ह्या आसमानी न्हाईत,” चाचा म्हणाले. “पिस्त्याचा रंग हाय ह्यो.”

“व्हय,” चाची म्हणाल्या.

“तुला म्हाईत हुतं?”

“मला डोळं हाईत.”

“मग भरताना बोलली का न्हाईस?”

चाची कप गोळा करायला लागल्या, जरी चहा अजून कुणी प्यायला नव्हता. “तुमी हात धरून म्हनालासा, बघ कशा आसमानी दिसत्यात. मला बी दिसल्या.”

चाचांनी लगेच मागे हात घालून आसमानी डबा काढला, ह्या वेळी बरोबर. पण चाचींनी हात दिला नाही. काचेची बांगडी आपल्या मनानं फुटेपर्यंत हातातून उतरवायची नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हे उभ्या गावाला चाचांनीच शिकवलेलं, ते त्यांना उलटं कसं करता येणार? डबा उघडाच राहिला.

आता दुसऱ्या डोळ्याची वेळ कधीच झाली आहे. सांगलीहून दोनदा फोन आला. स्वतःची एक गुंठा जमीन नसताना चाचा कधी ऊस तुटायचाय म्हणतात, कधी कारखान्याच्या साहेबांचं मशीन अडलंय म्हणतात. परवा मी चांगलीच खरडपट्टी सुरू केली, की रंग येणं म्हणजे काय असतं ते कळलंय ना एकदा, मग घाबरायचं काय. चाची समोर पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग तळहात नव्या डोळ्यावर ठेवला, जुन्या डोळ्यानं चाचींच्या मनगटाकडे पाहिलं, आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “ह्या डोळ्याला अजून त्या आसमानीच दिसत्यात, बाई. थोडं दिस ऱ्हाऊ द्या.”

मी घरी आले, आणि सांगलीला फोन करून त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यातली तारीख मागून घेतली.